मागील बाकी

‘अपग्रेड’ हा शब्द मराठीत कॉम्प्युटरबरोबर आला आणि मोबाइलच्या दुकानात रुळला. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर कुठल्याही मोबाइलच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहा, तो कानावर पडतोच. जुना हँडसेट काउंटरवर ठेवायचा, त्याची किंमत नव्यातून वजा करून घ्यायची, ‘डेटा मारून’ घ्यायचा आणि निघायचं. या सगळ्या व्यवहारामागे एक गृहीतक असतं. जुन्यात जे होतं ते सगळं नव्यात आहेच, वर आणखी काही आहे. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना हे बरंचसं खरंही असतं. पण ज्यांनी फोनच्या आधी काही वर्षं खिशात डिजिटल डायरी, सायन किंवा पाम वापरला आणि मग एक दिवस ते उपकरण ड्रॉवरमध्ये टाकून आटोपशीर स्मार्टफोन घेतला, त्यांच्या बाबतीत हे गृहीतक तपासून पाहावं लागतं. ती दोन उपकरणं एका वंशातली आहेत असं आपण धरून चालतो. मला ते तितकं सरळ वाटत नाही.

तपासायचं तर माप हवं. ते खानदेशातच आहे. एक वही संपवून दुसरी सुरू करण्याची रीत इथल्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जळगावच्या सराफ बाजारात, दाणा बाजारात, अमळनेर-चोपड्याच्या पेढ्यांवर दिवाळीत नव्या वह्यांची पूजा होई. लाल कापडी बांधणीची वही, पहिल्या पानावर ‘श्री’, आणि मग पहिली खरी नोंद: मागील बाकी. जुन्या खतावणीतलं प्रत्येक खातं काही नव्या वहीत येत नसे. जे फिटलं ते तिथंच राही. ज्याचं येणं-देणं शिल्लक, त्याचंच नाव पुढच्या वहीत चढे. जुनी वही मात्र फेकत नसत. ती फडक्यात बांधून माळ्यावर जाई. आणि ती लिहिलेली असे अशा रीतीने की मालक गेला, तर मुलाला, मुनिमाला, प्रसंगी कोर्टालाही वाचता यावी.

या रीतीत तीन नियम दडलेले आहेत. पहिला: निवडून पुढे आणायचं. दुसरा: जुनं मोडायचं नाही. तिसरा: आपण नसताना दुसऱ्याला वाचता आलं पाहिजे. कुणी हे नियम म्हणून लिहून ठेवले नव्हते; धंद्याच्या सोयीतून ते घडले होते. पण त्या सोयीचं मोल किती मोठं, ते पाहायचं तर धुळ्याला जावं.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. पुढच्याच वर्षी तिथं त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. आयुष्यभर राजवाड्यांनी काय केलं? लोकांचे माळे धुंडाळले. वाड्यांतली, मठांतली, देशमुख-कुलकर्ण्यांच्या घरांतली दप्तरं सोडवली आणि त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले. याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या रामदासी मठांमधून समर्थ संप्रदायाची बाडं गोळा केली. ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. बाड म्हणजे लांबट आकाराची, शिवलेली हस्तलिखित वही. फिरता माणूस ती झोळीत घालून नेई. तीत एखादं अष्टक, एखादी आरती, श्लोक, औषधाचा पाठ, कुठून तरी उतरवून घेतलेलं प्रकरण, असं जे जवळ असावंसं वाटे ते लिहिलेलं असे. हातात मावणारा, सोबत फिरणारा, मालकाने स्वतः भरलेला संग्रह, अशी ‘ऑर्गनायझर’ची व्याख्या केली तर तिच्यात पहिल्यांदा हे बाड बसतं. आणि मालक जाऊन तीनशे वर्षं झाली तरी ते वाचता येतं.

आता उपकरणांकडे येऊ. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘डिजिटल डायरी’ म्हणून जे ओळखलं गेलं ते बहुतेकदा कॅसिओचं असे. पाकिटाएवढी घडी, आत बारीक बटणांचा कीबोर्ड, काळ्या अक्षरांच्या काही ओळी दाखवणारा पडदा. टेलिफोन, मेमो, शेड्यूल, घड्याळ, कॅल्क्युलेटर, एवढाच कारभार. मेमरी किलोबाइटमध्ये मोजायची. ३२ किंवा ६४ किलोबाइट म्हणजे चैन. ब्रिटनच्या सायन कंपनीची यंत्रं याहून पुष्कळ पुढची होती, आणि १९९६ मध्ये अमेरिकेत पामचा पहिला ‘पायलट’ आला. त्याची जन्मकथा प्रसिद्ध आहे. जेफ हॉकिन्स यांनी शर्टाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि यंत्र तयार होण्याआधी तो खिशात घालून ते वावरले. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखं करायचं. पहिल्या पायलटमध्ये १२८ किलोबाइट मेमरी, १६० बाय १६० ठिपक्यांचा पडदा आणि खाली चार बटणं होती: तारखा, पत्ते, कामांची यादी, टिपणं. पेन बनवणाऱ्या पायलट कंपनीने पुढे नावावरून कोर्टात खेचलं आणि ‘पायलट’ गळून नुसता ‘पाम’ उरला. ज्या यंत्राचा दावा वहीची जागा घेण्याचा होता, त्याचं भांडण पेनवाल्यांशी व्हावं हे तसं रास्तच.

या यंत्रांचं खरं बलस्थान मेमरी, बॅटरी किंवा आकार यांत नव्हतं, असं मला वाटतं. त्यांच्यात तुम्ही लिहिल्याशिवाय काही येत नसे, हे त्यांचं बलस्थान. ती बाहेरून कुणाला उघडी नव्हती. एखादा नंबर आत आहे म्हणजे तो कधीतरी मालकाने बसून, अक्षर अक्षर दाबून आत घातलेला आहे. त्या कष्टात निवड आपोआप होई. रावेरच्या केळीच्या व्यापाऱ्याला दिल्लीच्या आडत्याचा नंबर हवा, ट्रान्सपोर्टवाल्याचा हवा, बँकेचा हवा. लग्नात एकदा भेटलेल्या माणसाचा नको. २००२च्या सुमारास देशभरच्या लँडलाइन नंबरांपुढे २ हा आकडा लागला, तेव्हा डायरीतली एकूण एक नोंद हाताने दुरुस्त करावी लागली. त्या निमित्ताने कितीतरी नावं पुसली गेली असतील. तीच खतावणीची ‘मागील बाकी’. पहिला नियम ही यंत्रं पाळत, तोही मालकावर उपकार न दाखवता. जागाच इतकी कमी की पाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुसऱ्या नियमापाशी मात्र ती साफ कोसळतात. डिजिटल डायरीत दोन बटणसेल असत, एक चालवणारा आणि एक मेमरी राखणारा. दोन्ही एकाच वेळी काढायचे नाहीत, अशी सूचना पुस्तिकेत ठळक छापलेली. कारण आतली सगळी माहिती विजेच्या धुगधुगीवर जगत होती. पामचंही तेच: पेन्सिल सेलची जोडी बदलताना यंत्राकडे मोजका वेळ असे, तेवढ्यात नवे सेल बसले नाहीत तर पाटी कोरी. वही ओली होते, वाळवी खाते, पण एका क्षणात सगळीच्या सगळी कोरी होत नाही. माळ्यावर दहा वर्षं पडलेल्या खतावणीत धूळ सापडते; ड्रॉवरमध्ये दहा वर्षं पडलेल्या डिजिटल डायरीत काहीच सापडत नाही. तिसऱ्या नियमाची स्थिती याहून वेगळी नव्हती. डायरीत ‘सीक्रेट’ नावाचा कप्पा असे, पासवर्डचा. पासवर्ड विसरला तर सगळं पुसून नव्याने सुरुवात करणं हाच मार्ग. घरातल्या माणसाने उघडून वाचावं अशी ही वही नव्हतीच. राजवाड्यांसारखा कुणी शंभर वर्षांनी खानदेशातले माळे पाहायला निघाला, तर १९९५ ते २००५ या दशकातल्या हौशी, शिकल्या-सवरल्या, तंत्रज्ञानात पुढे असलेल्या घरांत त्याला सर्वांत कमी सापडेल. ज्यांनी वही सोडली नाही त्यांच्याकडे जास्त.

आणखी एक मोठी गैरसोय होती. तिच्याकडे ऑर्गनायझरचे चाहते फारसं लक्ष देत नाहीत. या यंत्रांत मराठी नव्हती. जुन्या पामच्या आठवणीने गहिवरणारं पुष्कळ लेखन इंटरनेटवर सापडेल. ते बहुतेक इंग्रजीत जगणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. त्यांच्यासाठी यंत्राची लिपी आणि मनाची लिपी एकच होती. जळगावच्या माणसाला आधी चौधरी हे नाव रोमनमध्ये उतरवावं लागे, आणि ते कुठल्या स्पेलिंगने घातलं हे आठवावं लागे. झोपेंचं खातं ‘झेड’खाली की ‘जे’खाली? ज्ञानेश्वर ‘डी’मध्ये, ‘जे’मध्ये की ‘जी’मध्ये? ज्या याद्यांची सगळी मातब्बरी क्रमवारीत, त्यांची क्रमवारीच परकी. ‘ळ’ तर हरवलेलाच. धुळ्याचं स्पेलिंग वाचून बाहेरच्या कुणालाही त्यात ‘ळ’ आहे असा संशयही येणार नाही.

पामवर लिहिण्यासाठी ‘ग्राफिटी’ नावाची लिपी शिकावी लागे. हात न उचलता एका फटकाऱ्यात एक अक्षर. ‘ए’ची आडवी रेघ गाळायची, नुसता उलटा ‘व्ही’ काढायचा. हे वाचताना आपल्याकडच्या माणसाला मोडी आठवली नाही तरच नवल. मोडीचंही मर्म हेच होतं: लेखणी शक्यतो न उचलता, झरझर. पण मोडी घडली ती कारकुनाच्या हाताच्या सोयीने, आणि ग्राफिटी घडली यंत्राला ओळखता यावं म्हणून. एकीत लिपी हाताकडे वळली, दुसरीत हात यंत्राकडे. पुढे झेरॉक्स कंपनीने पेटंटचा दावा लावला आणि २००३ मध्ये पामने ग्राफिटी बदलून दुसरी पद्धत आणली. लोकांनी वर्षानुवर्षं घोटलेलं वळण एका निर्णयाने मागे पडलं. मोडी मागे पडली तरी धुळ्याच्या दप्तरांसाठी ती शिकणारी माणसं आजही आहेत, कारण तिच्यात लिहिलेलं मागे उरलं आहे. ग्राफिटीत लिहिलेलं काहीच उरलं नाही. तिची अक्षरं यंत्र ओळखताक्षणी पुसून टाकी.

भारतीय भाषांसाठी हातात मावणारं यंत्र करून पाहण्याचा प्रयत्न झाला नाही असं मात्र नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतले अभियंते यांनी मिळून सिम्प्युटर घडवला. त्याचे पहिले नमुने २००१ मध्ये दिसले, आणि ‘अमिडा’ नावाने तो २००४ मध्ये बाजारात आला. त्याची एक कल्पना मला आजही मोलाची वाटते. गावात यंत्र एकच असावं आणि प्रत्येकाचं खातं त्याच्या त्याच्या स्मार्टकार्डावर असावं. कार्ड घालायचं, आपली वही उघडायची, काम झालं की काढून घ्यायचं. शिवाय यंत्राने भारतीय भाषांत बोलून दाखवावं, म्हणजे अक्षरओळख नसलेल्याचंही अडू नये. तीन नियमांपैकी तिसऱ्याचा इतका विचार दुसऱ्या कुठल्या यंत्राने केल्याचं मला ठाऊक नाही. पण किंमत दहा हजारांच्या आसपास सुरू होत होती, आणि २००३ मध्येच रिलायन्सने ५०१ रुपये भरून हातात मोबाइल देण्याची योजना आणली होती. ज्या गावासाठी सिम्प्युटर योजला, त्या गावात फोन आधी पोचला. पुढची गोष्ट फोनची आहे.

फोनने काय दिलं, हे आता हात आखडता न घेता सांगितलं पाहिजे. त्याने आपली लिपी दिली. लगेच नाही. आधी एसएमएसच्या काळात देवनागरीत लिहिलं तर एका संदेशात १६० ऐवजी ७०च अक्षरं मावत, म्हणून लोक रोमनमध्येच मराठी लिहीत राहिले. पण स्मार्टफोन आला, युनिकोड नीट दिसू लागलं, कीबोर्ड आले, आणि ज्याने आयुष्यात कधी मराठी टंकलेखन केलं नव्हतं तो माणूस दिवसाला पानभर मराठी लिहू लागला. २०१६ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने मोबाइलमधल्या भारतीय भाषांसाठी मानकही ठरवलं. कॉन्टॅक्टमध्ये आता ‘नाना पारोळा’, ‘पाटील ट्रॅक्टरवाले’, ‘महाजन सर धुळे’, ‘ताई शिरपूर’ अशी नावं दिसतात. पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे इतके की नुसत्या आडनावावर कोण ते कळायचं नाही. म्हणून आडनावामागे गाव, धंदा किंवा नातं जोडायची इथली बोलण्याची पद्धत जशीच्या तशी फोनमध्ये उतरली. डिजिटल डायरीत नाव होतं. फोनमध्ये हाक आहे.

त्याहून मोठी गोष्ट आवाजाची. खानदेशात ती जरा जास्तच मोठी. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्यांच्या तोंडून जे निघे ते घरातल्यांनी, मुख्यतः मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवलं म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक होऊ शकलं. टिपणारा घरात नसता तर? त्यांच्या लेवा गणबोलीत किंवा शेजारच्या अहिराणीत किती बायकांचं असं टिपलं गेलं नाही, याला मोजदाद नाही. आज धुळ्याकडची एखादी आजी पुण्यातल्या नातवाला अहिराणीत व्हॉइस मेसेज पाठवते आणि तो तिच्याच आवाजात तिकडे पोचतो. ही सोय कुठल्याही पामने, कुठल्याही सायनने आपल्याला दिली नव्हती. टाइप करायला गेलं तर कीबोर्ड अजून अहिराणीशी झगडतो. ‘माले’ लिहा, तो ‘मला’ सुचवून बसतो. बोलताना तो आडवा येत नाही.

तेव्हा लिपी आणि आवाज यांच्या खात्यावर फोनची बाजू जड आहे, यात वाद नाही. वाद वहीच्या खात्यावर आहे.

ऑर्गनायझरमध्ये तुम्ही लिहिल्याशिवाय काही येत नसे; फोनमध्ये तुम्ही काही न करता सगळं येतं. कुणीतरी ग्रुपमध्ये घातलेली चारशे माणसं, सकाळचे फुलांचे फोटो, बँकेचे ओटीपी, कर्जाच्या जाहिराती, बाजारभाव, लग्नपत्रिका. यातलं थोडं तुमचं, बाकी दुसऱ्यांनी तुमच्या खिशात ठेवलेलं. खिशातली वही म्हणून घेतलेली वस्तू ही खरं तर चौकात उघडणारी खिडकी आहे. खिडकी वाईट असते असं नाही. पण तिला वही समजून चाललं की वहीचं काम बिघडतं. आपलं येणं-देणं, आपली टिपणं, आपल्या तारखा त्या गर्दीत कुठेतरी असतात, आणि शोधल्यावर बहुतेकदा सापडतातही. फक्त त्यांच्याकडे ‘बाकी’ म्हणून पाहणं बंद होतं. नव्या फोनवर जाताना सगळंच्या सगळं आपोआप पुढे येतं, वीस वर्षांपूर्वी बंद पडलेले नंबरसुद्धा, गेलेल्या माणसांचेसुद्धा. पुसायला हात होत नाही, आणि यंत्र पुसायला लावत नाही. खतावणीच्या भाषेत सांगायचं तर एकही खातं कधी बंद होत नाही. बंद न होणाऱ्या खात्यांच्या वहीला हिशेब म्हणत नाहीत.

इथंच आटोपशीर फोनवाल्यांचा दावा पुढे येतो. मोठ्या पडद्यांना कंटाळलेला एक वर्ग जगभर आहे. त्यात जुने पामवाले पुष्कळ. त्यांचं म्हणणं, फोन लहान असला की तो पुन्हा वहीसारखा वागेल: एका हातात मावेल, शर्टाच्या खिशात बसेल, त्यात रमायला होणार नाही. २०१४ मध्ये सोनीने ४.३ इंचांचा ‘कॉम्पॅक्ट’ काढला, २०१६ मध्ये ॲपलचा ४ इंचांचा ‘एसई’ आला, २०१८ मध्ये तर ‘पाम’ याच नावाने ३.३ इंचांचा इवलासा फोन निघाला. २०२० आणि २०२१ मध्ये ॲपलने ५.४ इंचांचे ‘मिनी’ काढले आणि २०२२ मध्ये त्या जागी मोठा ‘प्लस’ आणला. चाहते हळहळले. मला त्यांची हौस कळते. खिसा हे माप मलाही प्रिय आहे. पण दावा टिकत नाही. हॉकिन्सचा ठोकळा लहान होता म्हणून पाम वही झाला नव्हता. त्यात बाहेरचं कुणी येऊ शकत नव्हतं म्हणून झाला होता. पाच इंचांच्या फोनमध्येही तेच चारशे जण येतात, फक्त बारीक अक्षरांत.

आणि बारीक अक्षर हा आपल्याकडे वेगळाच मुद्दा आहे. देवनागरी उभी वाढते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. ज्या आकारात रोमन आरामात वाचता येतं त्या आकारात ‘र्‍हस्व’, ‘कर्तृत्व’, ‘दृष्टी’ यांचा गोळा होतो. चाळिशी ओलांडलेल्या वाचकाने अक्षर मोठं केलं की लहान पडद्यावर जेमतेम काही ओळी उरतात. म्हणजे ज्या लिपीच्या लाभासाठी फोन घ्यायचा तीच लहान फोनमध्ये आखडते. आटोपशीरपणाचं हे सौंदर्य इंग्रजी अक्षराच्या उंचीवर बेतलेलं आहे. इथल्या माणसाने मोठा फोन घेतला तर तो नेहमी हावरटपणा नसतो. कधीकधी ती वाचण्याची गरज असते. शिवाय यादीत अर्धी नावं रोमनमध्ये आणि अर्धी देवनागरीत असली की बऱ्याच फोनमध्ये देवनागरी नावं ‘झेड’च्याही खाली जाऊन बसतात. एकाच माणसाच्या ओळखीपाळखीची दोन गावं होतात, एक वरचं, एक खालचं. जुनं यंत्र सोडताना रोमनमध्ये घातलेली नावं तशीच पुढे आणली त्याचा हा परिणाम. मागील बाकी तपासून न चढवल्याचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमांचं काय? फोनमधलं सेल संपल्याने पुसलं जात नाही, त्याची प्रत दूर कुठल्या तरी सर्व्हरवर असते. हा डिजिटल डायरीवरचा मोठा सुधार आहे. पण जुना फोन एक्सचेंजमध्ये देताना तो रीतसर पुसून दिला जातो, आणि दिलाच पाहिजे. म्हणजे जुनी वही मोडीत, नवी हातात, आणि मधली सगळी भिस्त एका खात्यावर. त्या खात्याला कुलूप. कुलपाची किल्ली मालकाच्या बोटात किंवा चेहऱ्यात.

याची किंमत कळते ती घरातला कर्ता माणूस अचानक गेला की. कुणाकुणाला कळवायचं, बियाण्याचे पैसे कुणाकडून यायचे, हात-उसने कुणाला दिले, भिशीचा नंबर कितवा, विम्याची पॉलिसी कुठं, हे सगळं त्या काळ्या पाटीच्या आत असतं आणि पाटी उघडत नाही. दशक्रियेच्या आधी पोरं फोन घेऊन दुकानोदुकानी फिरतात, ‘लॉक खोलून द्या’ म्हणून. दुकानदार सांगतो, खुलेल, पण आतलं सगळं जाईल. आजोबांच्या वेळी हेच काम एक डायरी उघडून झालं होतं: मळकं रेक्झिनचं कव्हर, आत निळ्या शाईत नावं, काही नावांवर काट मारलेली. काट कशासाठी, हेही घरात कुणाला तरी माहीत असे. कंपन्यांना ही अडचण कळलेली नाही असं नाही. गूगलने २०१३ पासून आणि ॲपलने २०२१ पासून, आपल्या पश्चात खातं कुणाला उघडता यावं ते आधीच नेमून ठेवण्याची सोय दिली आहे. ती सेटिंगमध्ये खोल कुठेतरी आहे. फोन विकताना ती कुणी दाखवत नाही, कारण नव्या वस्तूच्या काउंटरवर मरणाची गोष्ट काढायची आपल्याकडे पद्धत नाही. दिवाळीच्या वहीपूजनात मात्र ती न बोलताच सामावलेली होती. ‘मागील बाकी’ लिहिणारा हात पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचा असू शकतो, हे धरूनच ती वही लिहिली जाई.

तर या अपग्रेडचा ताळेबंद असा मांडता येतो. डिजिटल डायरी आणि पाम यांनी निवड शिकवली, पण भाषा दिली नाही आणि मागे काही ठेवलं नाही. स्मार्टफोनने भाषा दिली, आवाज दिला, प्रत दिली, आणि निवड काढून घेतली; वर कुलूप लावलं. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना माणूस पुढे गेला हे खरं, पण वही मधल्या मध्ये गळाली. ती परत आणायला जुनी यंत्रं लागत नाहीत, आणि फोन लहान करूनही ती येणार नाही. ती रीत होती, आणि रीत कुठल्याही यंत्रावर पाळता येते. वर्षातून एकदा, वाटलं तर पाडव्याला, आपली यादी उघडावी, मेलेली खाती बंद करावीत, रोमनमधली नावं आपल्या अक्षरात आणावीत, पश्चात कुणी उघडायचं त्याचं नाव नेमावं, आणि जे खरोखर येणं-देणं आहे, ज्या आवाजावाचून चालणार नाही, त्याची एक प्रत फोनबाहेर, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात ठेवावी. दोन पानं कागदावर उतरली तरी पुष्कळ.

रामदासी बाडं तीनशे वर्षं टिकली ती कागद फार मजबूत होता म्हणून नाही. एकाच्या बाडातलं दुसऱ्याने उतरवून घेतलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. एक मठ बुडाला तर दुसऱ्या मठात प्रत होती. देवांना ती सापडली, कारण ती कुणा एकट्याची उरली नव्हती. खिशातल्या वस्तूची समीक्षा करताना एरवी आपण विचारतो, ती किती मावते, किती चालते, किती आठवते. धुळ्याच्या दप्तरखान्यातून बाहेर पडताना आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो: हिच्यातलं आपल्यानंतर कुणाला उतरवून घेता येईल का?